मुरलेला बेस

गोरेगावच्या केवळराम पटलेनं साउंडचा धंदा सुरू केला तेव्हा पाटीवर स्वतःचं अर्धंच नाव घातलं : 'केवळ साउंड'. तेव्हापासून प्रत्येक लग्नसराईत कोणी ना कोणी फोन करून विचारतोच, "केवळ साउंडच देता का? मांडव, लाइट काहीच नाही?" पाटी बदला म्हणून बायको सुलोचनाबाईनं सांगून पाहिलं, मुलगी रेणूनं सांगून पाहिलं. केवळराम म्हणायचा, "ज्याले इतकं समजत नाई त्याचं लगन आपल्याले वाजवाचंच नाई." आणि दुसऱ्या दिवशी त्याचंच लग्न वाजवून यायचा.

त्याला अभिमान होता तो कानाचा. पंचविसेक वर्षं तो स्पीकरच्या डब्यांशेजारी उभा राहिलेला. बायकोची हाक त्याला ऐकू यायची नाही, फोनची रिंग यायची नाही, पण बेसमध्ये कुठं काय बिघडलं ते छातीवर हात ठेवून सांगायचा. रेणू गोंदियातून बी.एस्सी. करून आली आणि नोकरी शोधता शोधता बापाच्या मिक्सरवर बसली. बसली ती बसलीच. आता बुकिंग तीच घ्यायची, हिशेब तीच ठेवायची. बाप डबे वाजवायचा आणि मतं द्यायचा.

यंदा जुने बेस, म्हणजे जाड आवाजाचे डबे, गेले. एका वरातीत एकाच्या तोंडावरचा कागद फाटला आणि भर चौकात तो फाटक्या सुपासारखा फडफडायला लागला. नवरदेवाचा घोडा बिथरला, नवरदेव घोड्यावरून उतरला तो वरातभर चढलाच नाही. म्हणून रायपूरहून अठरा इंचाचे चार नवे बेस मागवले. टेम्पोवाला रोशन ते सोमवारी घेऊन आला. रविवारी आमगावच्या गोपीचंद बिसेनच्या मुलीचं लग्न होतं. गोपीचंदची राईस मिल होती, आणि त्याच्या साडूच्या घरच्या लग्नात मांडव हलला होता असं त्यानं कुठून तरी ऐकलं होतं. त्यानं रेणूला फोनवर बजावलं होतं, "नवे बेस पायजेत. आमच्या मांडवाचे खांब हलले पायजेत."

रेणूनं खोक्याची पट्टी कापली. "लावून पाहू, बाबा."

"हात नोको लावू," केवळराम म्हणाला. "मुरू द्या लागते."

"हे काय आंब्याचं लोनचं आहे का मुराले?"

"नवा गोऱ्हा पयल्याच दिवशी चिखलात जुपते का कोनी? त्याचा खांदा तयार करा लागते. बेसचा कागद कोरा असते, कडक असते. तीन दिवस हळू वाजवला का मोकळा होते. मंग आवाज पोटातून येते. नाई तं घशात अडकून रायते."

"जे मोकळं व्हाचं ते वाजवता वाजवता पाच मिनिटात होऊन जाते, बाबा. बाकी आपल्या कानाले सवय होते. कान मुरते, बेस नाई मुरत."

"बी.एस्सी.त शिकवलं का हे?"

"हाव."

"तरीच नोकरी नाई भेटली."

रेणूनं रायपूरच्या दुकानात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ज्यानं उचलला तो म्हणाला, "हाँ हाँ, पचास घंटा धीमे में चलाइए, फिर देखिए." मागून दुसरा ओरडला, "कुछ नहीं होता, मैडम, खोलो और बजाओ!" थोडा वेळ ते दोघं आपसातच भांडले. मग पहिल्यानं फोन परत तोंडाशी घेतला आणि सांगितलं, "देखिए, दोनों बात सही है." बाप-लेकीनं एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही वाटलं, आपणच जिंकलो.

शेवटी केवळरामचंच चाललं, कारण घर त्याचं होतं. खोली लहान, म्हणून आधी दोनच डबे काढायचे, ते मुरले की बाकीचे दोन, असं ठरलं. हे दोन डबे त्यानं तोंडाला तोंड लावून उभे केले. मुरवायची जुनी रीत आहे ती. एका डब्याची वायर उलटी जोडायची, म्हणजे एक पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो. दोघं एकमेकांचा आवाज खातात आणि शेजाऱ्यांना त्रास होत नाही. वरून सुलोचनाबाईच्या सगळ्या गोधड्या घातल्या. "पाहुणे आले तं त्याइले काय पांघरू? तुमचा बेस?" ती म्हणाली, पण तोवर गोधड्या गेल्या होत्या. धुमाल बँडच्या ढोलांचं एक रेकॉर्डिंग त्यानं फिरून फिरून वाजत ठेवलं आणि समोर खुर्ची टाकून बसला.

वायर जोडली होती रेणूनं, म्हणून पहिले दोन दिवस सगळं ठीक चाललं. बुधवारी सकाळी ती केबल आणायला गोंदियाला गेली आणि मागं केवळरामला शंका आली. वायर नीट उलटी आहे ना? त्यानं ती काढून पाहिली, पुसली, परत उलटी जोडली. मग दुसऱ्या डब्यालाही उलटी जोडली, काही कमी राहायला नको म्हणून. दोन्ही उलटे म्हणजे दोन्ही सुलटे. आता ते डबे एकमेकांचा आवाज खाईनात. दोघं मिळून जमीन खायला लागले. आवाज थोडा वाढवला तेव्हा तर बातच निराळी झाली. गोधड्यांमुळे बाहेर ऐकायला फारसं काही येत नव्हतं. पायाला मात्र येत होतं.

पलीकडच्या घरात दुर्गेश्वरीबाई भाजी चिरत होती. भिंत दोन्ही घरांची एकच. फळीवरचे स्टीलचे डबे आधी कुजबुजले, मग एका ओळीत पुढं सरकायला लागले. साखरेचा डबा कडेला येऊन थांबला आणि चहाच्या डब्यानं त्याला मागून धक्का दिला. दुर्गेश्वरीबाई चाकू हातात घेऊनच बाहेर पळाली.

"भूकंप! भूकंप आला वं माय!"

सगळी गल्ली बाहेर आली. कोणी म्हातारीला उचलून आणलं, कोणी टीव्ही. एकानं मोटरसायकल बाहेर काढली आणि ती गल्लीत आडवी लावून सगळ्यांची वाट अडवली. ज्यांना काही जाणवलं नव्हतं त्यांनी भिंतीला हात लावला, आणि त्यांनाही जाणवलं. एका पोरसवद्या बातमीदारानं तर मोबाइल समोर धरून चालूच केलं, "दोस्तों, गोरेगाँव की धरती इस वक्त काँप रही है, और आपका भाई आपके लिए यहीं खड़ा है!"

गलका शेवटी केवळरामच्या कानापर्यंत पोचला. तो दारात आला. "का झालं?"

"जमीन हलून रायली, भाऊजी! पाय ठेवून पाहा!"

केवळरामनं चप्पल काढून उंबऱ्यावर पाय ठेवला आणि त्याचा चेहराच उतरला. "अरे बापा, खरंच!" सुलोचनाबाई मागच्या दारानं बाहेर पडल्याचं त्यानं पाहिलं आणि मग त्याला आठवले ते बेस. घर पडलं तर परत बांधता येतं. लोकं "नोका जाऊ, नोका जाऊ" म्हणत असताना तो आत घुसला. गोधड्या फेकल्या, वायरी उपटल्या आणि अठरा इंचाचा एक डबा छातीशी धरून, वाकत, धापा टाकत बाहेर आला.

बाहेर सगळे भिंतीला हात लावून उभे होते. "थांबला," कोणीतरी म्हणालं.

"थांबला न?" केवळराम म्हणाला. "देवानंच वाचवलं."

दुर्गेश्वरीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. डब्याच्या मागं लोंबणाऱ्या वायरकडे पाहिलं. आख्ख्या गल्लीनं तिच्यामागोमाग पाहिलं. भूकंप केवळरामच्या कडेवर होता.

दुपारी रेणू गोंदियाहून आली तेव्हा तिला बसमध्येच हे सगळं मोबाइलवर दिसलं होतं. घरी बाप खुर्चीत बसलेला आणि दारात दुर्गेश्वरीबाई. "सांगून ठेव तुह्या बाबाले," ती म्हणाली, "आता जर का घरात घूं झालं, तं मी तो डबा तलावात नेऊन टाकीन. अन् मंग मुरवा म्हना बेडकासंगं."

असं मुरवणं अर्ध्यात थांबलं. दोन डबे दोन-अडीच दिवस वाजलेले, दोन खोक्यातच कोरे. केवळरामनं जाहीर केलं, कोरे डबे आमगावला न्यायचे नाहीत. रेणू म्हणाली, चारचं बुकिंग आहे. तो म्हणाला, दोन कोरे डबे बाकीच्या दोघांचाही आवाज नासवतील. ती म्हणाली, "डोळे बांधून ओळखून दाखवा, मंग नाई नेत." तो म्हणाला, "कुठंही, कधीही." दुर्गेश्वरीबाईच्या धाकानं घरात तर वाजवता येत नव्हतं. म्हणून चारही डबे शनिवारी रोशनच्या टेम्पोत चढले.

गोपीचंदच्या मिलसमोरच्या आवारात मांडव घातला होता. संध्याकाळी हळद. दुपारी बाप-लेक डबे लावत असताना भांडत होते ते गोपीचंदनं ऐकलं. लग्नघरातला माणूस कंटाळलेला असतोच. त्याला हे फार आवडलं. "करा, आत्ताच करा परीक्षा! माह्याच मांडवात!" त्यानं स्वतः मांडवाचा पिवळा पडदा ओढून डब्यांसमोर लावला, एक मुरलेला आणि एक कोरा पडद्याआड ठेवायला लावला, आणि पाहुण्यांना हाका मारल्या. पाहुणे जेवून सुस्तावले होते, लगेच खुर्च्या घेऊन आले.

"पडद्यामागं रेणू नाई पायजे," केवळराम म्हणाला. "मशीनचा आवाज कमीजास्त करून देते."

"मंग तुमीही नाई पायजेत," रेणू म्हणाली.

पडद्यामागं जायला कोणीतरी तिसरं हवं होतं. उद्याची नवरी पुष्पांजली सकाळपासून एका खोलीत बसून होती. ऊन लागेल म्हणून बाहेर जायचं नाही, आंबट खायचं नाही, जोरात हसायचं नाही. ती उठूनच आली. "मी वायर बदलते. मी कोनाच्याच बाजूची नाई." रेणूनं तिला दाखवलं : इथून काढायची, तिथं लावायची, आणि मग हे बटन दाबायचं. मशीनच्या आवाजाची मूठ मात्र टेपनं चिकटवून टाकली.

केवळराम पहिल्या खुर्चीवर डोळे मिटून बसला. त्याच्या शेजारी गोपीचंद, मागं रोशन, बाजूला रेणू. पडद्याआडून ढोल वाजला. मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"कोरा," केवळराम म्हणाला. "आवाज घशात अडकून रायला."

"अडकून रायला," गोपीचंदनं मान हलवली. "साफ समजते."

थोडी खुडबुड झाली. परत ढोल वाजला. केवळरामचा चेहरा उजळला. त्यानं तळहात छातीवर ठेवला. "हा पाहा. हा मुरला. पोटातून येऊन रायला."

"काका, जमीन-अस्मानचा फरक आहे," रोशन म्हणाला.

"हा गोड आहे बापा," गोपीचंदची म्हातारी आत्या म्हणाली, आणि तिच्याभोवतीच्या बायांनीही माना हलवल्या.

रेणूलाही फरक ऐकू आला होता. दुसऱ्या वेळचा आवाज खरंच खोल होता, सैल होता. आठवडाभर जे नाही नाही म्हणत भांडली ते तिच्या स्वतःच्या कानात वाजलं, आणि तिला बापाचा भयंकर राग आला.

तिसऱ्यांदा वाजलं. "परत कोरा," केवळराम म्हणाला, आणि सगळा मांडव म्हणाला, हो, हो, परत कोरा.

पडदा सारून पुष्पांजली बाहेर आली. ओठ दाबून हसू अडवत होती. "काका, मी वायर हलवलीच नाई."

"म्हनजे?"

"तिन्ही वेळा एकच डबा वाजवला. मी फक्त खुडबुड केली."

गोपीचंद खाकरला. आत्या म्हणाली, "मी तं पयलेच म्हनून रायली होती, सारखेच आहेत."

"कोणता होता पण?" रेणूनं विचारलं. "मुरलेला का कोरा?"

"ज्याले वायर लागून होती तो. मले का मालूम कोनता."

रेणूनं पडद्यामागं जाऊन पाहिलं. वायर होती कोऱ्या डब्याला. तिनं बाहेर येऊन तसं सांगितलं. आता सगळे केवळरामकडे पाहायला लागले. तो बोटं मोजत म्हणाला,

"म्हनजे पयल्यांदा कोरा होता, तो मी कोरा सांगितला. बरोबर?"

"बरोबर," गोपीचंद म्हणाला.

"मंग दुसऱ्यांदा वाजवेपर्यंत तो मुरला. वाजल्यानं बेस मुरते, हेच तं मी सोमवारपासून सांगून रायलो."

पुष्पांजलीनं विचारलं, "मग तिसऱ्यांदा परत कोरा कसा झाला?"

"मधात किती वेळ खुडबुडत होतीस तू," केवळराम म्हणाला. "थंडा झाला."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. आत्याचा पदर तोंडात गेला, रोशन खुर्चीसकट मागं पडला, आणि उद्याच्या नवरीला जोरात हसू नकोस म्हणणारं कोणी उरलंच नाही. केवळराम तेवढा हसला नाही. तो उठून टॉपच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या डब्यांच्या, वायरी सोडवायला लागला, आणि रेणूला दिसलं की त्याचे कान लाल झाले आहेत.

संध्याकाळी चारही बेस लागले. हळद उतू जात होती, लोकं नाचत होती. मुरलेला कोणता, कोरा कोणता, कोणी विचारलं नाही. मांडवाचा एक खांब खरंच हलला. गोपीचंद त्या खांबाला मिठी मारून नाचला आणि साडूला बोलावून बोलावून दाखवत होता. मध्येच केवळरामनं मिक्सरवर हात घालून बारीक आवाजाची मूठ वर नेली. एकदम असा कर्कश आवाज निघाला की म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. केवळराम मात्र समाधानानं मान डोलवत होता. तो वळल्यावर रेणूनं मूठ खाली आणली. हे काही आजचं नव्हतं. दोन लग्नसराया तो मूठ वर नेत होता आणि ती गुपचूप खाली आणत होती.

लग्न आटोपून दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत निघाले. रोशन गाडी चालवत होता, कानात त्याचे स्वतःचे बड्स. दोन्ही बाजूंना उन्हाळी धान. रेणू बापाकडे वळली.

"बाबा, मलेही फरक ऐकू आला होता परवा."

केवळरामनं मान वळवली. "खरं सांगून रायली?"

"दुसऱ्या वेळी. खोल वाटला."

तो हसला. परवापासून पहिल्यांदा. "मले ऐकू येते तसं. ते खरंच असते का नाई, मले नाई मालूम." बोटानं खिडकीची काच पुसत म्हणाला, "बारीक आवाज नाई येत आता मले. टॉप वाजते का बंद आहे तेही कधी कधी समजत नाई. बेस छातीत येते, म्हनून बेस समजते. तेवढं तरी मले समजते, असं वाटे."

"मले मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"तुमी मूठ वर नेता. मी खाली आनते."

"दरवेळी?"

"दरवेळी."

तो रागावेल असं तिला वाटलं. "मंग सांगितलं काऊन नाई?" तो म्हणाला.

"तुमी काऊन नाई सांगितलं?"

केवळराम परत काच पुसायला लागला. रेणू म्हणाली, "उद्या गोंदियाले जाऊ. कानाच्या डॉक्टरकडे."

"सीझन झाल्यावर जाऊ."

"उद्या. नाई तं बुकिंग घेनं बंद."

गेले. डॉक्टरनं त्याला एका बंद खोलीत बसवून बारीक-जाड आवाज ऐकवले. ऐकू आला की बटन दाबायचं होतं. केवळराम न ऐकू आलेल्या आवाजालाही दाबत होता, मागं राहू नये म्हणून. डॉक्टरनं दोनदा सगळं नव्यानं केलं. निकाल साधा होता : डब्यांशेजारी उभं राहून वरचे आवाज गेले, ते परत येणार नाहीत, कानाला मशीन लावा आणि डब्यांपासून लांब राहा. "सुरुवातीला विचित्र वाटेल," डॉक्टर म्हणाले, "सगळं पत्र्यासारखं वाजेल. लगेच काढून ठेवू नका. काही दिवस लावून ठेवा, म्हणजे मेंदूला सवय होते." केवळरामनं वळून रेणूकडे 'पाहा, मुरवाच लागते' असं काही पाहिलं की ती खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढं कामं वाटली गेली. टॉप आणि मूठ रेणूची, बेस बापाचा. बेस मुरवायचे ते आता शेतातल्या खोपटीत, जिथं फळीवर डबे नाहीत. रेणूला अजून ते थोतांड वाटतं आणि ती तसं रोज सांगते.

मशीन कानात बसलं त्यानंतरच्या पहिल्याच बुकिंगला, गोरेगावातल्या एका बारशाला, केवळराम डब्यांपासून लांब, पाणी वाटणाऱ्या बाईशेजारी जाऊन उभा राहिला. रेणूनं मुद्दाम त्याच्या जुन्या खुणेपर्यंत मूठ वर नेली, नेहमी तो न्यायचा तिथपर्यंत. केवळरामनं दचकून कान धरला. तो गर्दीतून वाट काढत मिक्सरपाशी आला.

"हे असं वाजत होतं?"

"मी खाली नसतं आनलं तं दोन वर्षं असं वाजलं असतं," रेणू म्हणाली.

"आन लोकं याच्यावर नाचले असते?"

"नाचले असते, बाबा."

केवळरामनं नाचणाऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "लोकाइचं काई खरं नाई," आणि पाणी प्यायला गेला.